शंभर मीटरची रेघ: गर्भपात केंद्रांभोवतीचे ‘बफर झोन’ म्हणजे नेमकं काय?

मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकाच्या बरंच अलीकडे रस्त्यावर फक्कीची एक पांढरी रेघ मारलेली असते. रेघेच्या अलीकडे पक्षांची टेबलं, मतदारयाद्या, चहाचे कप, “काकू, या इकडे, तुमचा नंबर काढून देतो” असा सगळा गजबजाट. पलीकडे चिडीचूप. गळ्यात उपरणं राहिलं असेल तर हवालदार ते काढून खिशात ठेवायला लावतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १३०: मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या आत कोणी कोणाला ‘अमक्याला मत द्या’ म्हणायचं नाही आणि ‘देऊ नका’ असंही म्हणायचं नाही. मोडलं तर दंड २५० रुपयांपर्यंत. आदल्या महिनाभर कर्ण्यावरून कान किटवणारे लोकही त्या रेघेवर फारशी कुरकुर करत नाहीत. बोलायचं ते बोलून झालेलं असतं. आता उरलेल्या शंभर मीटरांत त्या माणसाला एकटं जाऊ द्यायचं, एवढंच.

ही रेघ शाळेऐवजी गर्भपात केंद्राच्या दारापुढे मारली की ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात चाललेला वाद निम्मा समजतो. उरलेला निम्मा अवघड आहे, आणि हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

पश्चिम लंडनमध्ये ईलिंग नावाचा भाग आहे. साउथॉल, जिथे आपल्याकडची मंडळी भाजी-मसाले आणायला जातात, तेही याच ईलिंगच्या नगरपालिकेत येतं. तिथे मॅटक लेन नावाच्या रस्त्यावर, वॉलपोल पार्कसमोर एक गर्भपात केंद्र आहे. त्याच्या दाराजवळच्या हिरवळीच्या तुकड्यावर दोन दशकांहून जास्त काळ गर्भपातविरोधी लोक येऊन उभे राहत. गर्दी नसे, बहुतेक वेळा चार-सहा जण. हातात जपमाळ, गळ्यात फलक, कधी पोटातल्या गर्भाच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या बाहुल्या. आत जाणाऱ्या बाईच्या हातात पत्रक द्यायचं, कधी गुलाबी किंवा निळी जपमाळ पुढे करायची. काही बायकांना तर ‘मम’ म्हणून हाक मारली जाई. म्हणजे ‘आई’. जी बाई आई न होण्यासाठीच त्या दारातून आत चालली आहे, तिला.

हे करणाऱ्यांना तुम्ही विचारलंत तर ते म्हणत, आम्ही ओरडत नाही, अडवत नाही, प्रार्थना करतो आणि मदत देऊ करतो. खोटं नव्हतं ते. पण केंद्रात येणाऱ्या बायका सांगत की सगळ्यात जास्त टोचायचं ते कोणीतरी आपल्याकडे बघत उभं असणं. येताना आणि जातानाही.

इथे साधा प्रश्न पडतो. त्रास देणं हा गुन्हा तिथे आधीपासून आहेच, मग वेगळा कायदा कशाला? याचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत रंजक वाटतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

इंग्लंडच्या १९९७ च्या छळविरोधी कायद्यात एका व्यक्तीचा छळ झाला हे सिद्ध करायला किमान दोन प्रसंग दाखवावे लागतात. गल्लीतला एखादा टवाळ रोज त्याच मुलीच्या मागे लागतो, तसल्या प्रकारासाठी ते ठीक आहे. गर्भपात केंद्राच्या दारात गणित उलटं असतं. उभी राहणारी माणसं रोज तीच, येणारी बाई मात्र रोज नवी. प्रत्येकीला त्रास होतो तो एकदाच, पाच मिनिटं. त्यामुळे वीस वर्षं रोज कोणी ना कोणी रडत आत गेलं तरी कागदावर ‘एकाच व्यक्तीचा वारंवार छळ’ कुठेच होत नाही. शिवाय तक्रार करणार कोण? जी गोष्ट बाईनं घरी सांगितलेली नाही, ती पोलीस ठाण्यात नाव-पत्त्यासकट लिहून द्यायची आणि पुढे कोर्टात साक्षीला उभं राहायचं? हे होत नसे आणि होणार नव्हतं.

बफर झोनची युक्ती अशी की व्यक्तीऐवजी जागा पकडायची. कोणाला किती वाईट वाटलं हे मोजत बसण्याऐवजी ‘या टप्प्यात ही कृती करायची नाही’ एवढंच ठरवून टाकायचं. बाईला साक्षीला बोलवायची गरजच उरत नाही.

ईलिंगनं २०१८ च्या एप्रिलमध्ये हे केलं. ब्रिटनमधली ती पहिली नगरपालिका. रस्त्यावर दारू पिणं, मोकाट कुत्री असल्या तक्रारींसाठी नगरपालिकांना २०१४ च्या एका कायद्यानं मनाई आदेश काढायचे अधिकार दिले होते, त्यातलाच एक आदेश इथे वापरला. गर्भपाताच्या बाजूनं असो की विरोधात, केंद्राभोवतीच्या सुमारे शंभर मीटरांत निदर्शनं बंद. केंद्राच्या समर्थनासाठी येणाऱ्या ‘सिस्टर सपोर्टर’ या स्थानिक गटालाही तोच नियम. विरोधकांसाठी थोड्या अंतरावर एक जागा राखून ठेवली: एका वेळी जास्तीत जास्त चार माणसं, आणि फलक ए-थ्री कागदाहून मोठा नको. इतकं काटेकोर.

प्रकरण कोर्टात गेलं, आणि अपील करणाऱ्यांमध्ये एक बाई होती तिची हकीकत मुद्दाम सांगायला हवी. २०११ मध्ये ती स्वतः गर्भपातासाठी अशाच एका केंद्रावर गेली होती. दारात कोणीतरी पत्रक दिलं, राहण्या-खाण्याची मदत देऊ केली. ती मागे फिरली, मुलगी झाली. तिचं म्हणणं सरळ होतं: दारात ती माणसं नसती तर माझी मुलगी नसती, आणि माझ्यासारख्या बायकांना ही मदत शेवटच्या क्षणी मिळायची सोय तुम्ही बंद करताय. बफर झोनच्या बाजूनं लिहिणारे बहुतेक जण हा मुद्दा गाळतात. तो गाळू नये. दारातला प्रत्येक संवाद छळच असतो असं म्हणणं खोटं आहे.

तरी अपील कोर्टानं ऑगस्ट २०१९ मध्ये आदेश कायम ठेवला. बाईचा खासगीपणाचा हक्क आणि निदर्शकांचा श्रद्धेचा, बोलण्याचा हक्क, हे दोन्ही खरेच हक्क आहेत, हे कोर्टानं मान्य केलं. पण त्या दारात, त्या क्षणी, शरीरानं आणि मनानं आधीच हललेल्या बाईचं पारडं जड ठरतं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

यानंतर देशभर एकच कायदा हवा अशी मागणी वाढली. सरकारची आधीची भूमिका वेगळी होती. २०१८ मध्ये गृहखात्यानं पाहणी केली तेव्हा २०१७ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपात होत असलेल्या ३६३ रुग्णालयं-केंद्रांपैकी ३६ ठिकाणीच निदर्शनं झाल्याचं दिसलं. दहात एक. एवढ्यासाठी सगळ्या देशावर बंदी नको, असं गृहमंत्र्यांनी तेव्हा ठरवलं. आकड्यांत चूक नव्हती. पण एका नगरपालिकेनं हटवलं की माणसं पुढच्या गावातल्या केंद्रावर जाऊ शकतात, आणि प्रत्येक नगरपालिकेनं स्वतःच्या खर्चानं कोर्टकचेरी करायची, हे काही टिकणारं नव्हतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये खासदार स्टेला क्रीझी यांची दुरुस्ती २९७ विरुद्ध ११० मतांनी मंजूर झाली आणि २०२३ च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यात कलम ९ आलं. अंमल मात्र ३१ ऑक्टोबर २०२४ पासून.

या कलमात अंतर आहे १५० मीटर, म्हणजे क्रिकेटच्या साधारण साडेसात खेळपट्ट्या. या टप्प्यात तीन गोष्टी करायच्या नाहीत: कोणाला अडवणं, कोणाला त्रास किंवा धास्ती देणं, आणि गर्भपाताची सेवा घेण्या-देण्याच्या कोणाच्या निर्णयावर प्रभाव टाकणं. मुद्दाम केलं तरी गुन्हा, आणि ‘काय व्हायचं ते होवो’ अशा बेफिकिरीनं केलं तरी गुन्हा. शिक्षा फक्त दंडाची, तुरुंग नाही. बाईच्या संमतीनं तिच्यासोबत आलेल्या माणसाला हे लागू नाही, आणि प्रार्थनास्थळाच्या आत जे चालतं त्यालाही नाही.

अंतर मोजायला टेप पुरते. शब्द मोजायला काय वापरायचं?

अडवणं सगळ्यांना कळतं. त्रास देणंही बऱ्यापैकी कळतं. ‘प्रभाव टाकणं’ हा शब्द मात्र असा आहे की त्यात गळ्यात पडून विनवणी करणंही बसतं आणि लांबून हात जोडून उभं राहणंही. खरा वाद या एका क्रियापदावर आहे.

उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्याच एका भागात, तो ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथल्या विधानसभेनं २०२२ मध्ये कायदा केला, क्लेअर बेली या ग्रीन पक्षाच्या आमदारांनी मांडलेला. त्यात १०० मीटरची हद्द होती, गरज पडली तर २५० पर्यंत वाढवता येईल अशी. प्रभाव टाकणं हा गुन्हा होताच, वर ‘माझ्याकडे वाजवी कारण होतं’ असा बचाव करायची सोयही ठेवली नव्हती. तिथल्या महाधिवक्त्यांनीच शंका काढून विधेयक लंडनला पाठवलं. ७ डिसेंबर २०२२ रोजी सात न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, चालेल.

का चालेल, हे समजायला युरोपच्या मानवी हक्क कायद्यातली एक कसोटी समजली पाहिजे. इंग्रजी वकील तिच्यावर पानंच्या पानं लिहितात. आपल्याला लहानपणच्या गोष्टीतला राजा आणि माकड पुरेत. झोपलेल्या राजाच्या नाकावर माशी बसली, सेवेतल्या माकडानं ती मारायला तलवार चालवली. हेतू चांगला होता का? होता. उपायाचा त्रासाशी संबंध होता का? होता, माशी नाकावरच होती. पण पंख्यानं भागलं असतं का, आणि माशी गेली त्यापेक्षा नाक गेल्याचं नुकसान जास्त झालं का? हे शेवटचे दोन प्रश्न माकडाला सुचले नाहीत. कोर्ट प्रत्येक बंदीला हे चार प्रश्न विचारतं. उत्तर आयर्लंडच्या कायद्याबाबत उत्तरं अशी आली: बंदी छोट्या जागेपुरती, दंड ५०० पौंडांच्या आत, बाकी सगळा देश बोलायला मोकळा, आणि प्रत्येक खटल्यात ‘वाजवी कारण’ शोधत बसलं तर कायद्याचा उपयोगच संपतो. नाक शाबूत आहे, असं कोर्टाला वाटलं.

मग मनातल्या मनात केलेल्या प्रार्थनेचं काय?

डिसेंबर २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला एका बंद असलेल्या केंद्राबाहेर एक बाई गप्प उभी होती. पोलिसानं विचारलं, प्रार्थना करताय का? ती म्हणाली, मनात करत असेनही. तिला पकडून नेलं. या प्रसंगाची चित्रफीत जगभर फिरली. पुढे ती निर्दोष सुटली आणि २०२४ मध्ये पोलिसांनी तिला १३,००० पौंड भरपाई दिली. बोर्नमथमध्ये मात्र उलटं झालं. एक माजी सैनिक नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राकडे पाठ करून झाडाआड उभा राहिला. बावीस वर्षांपूर्वी ज्या मुलाच्या गर्भपातात त्याचाही हात होता, त्याच्यासाठी तो प्रार्थना करत होता. अधिकाऱ्यांनी बराच वेळ समजावलं, तो हलला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोषी ठरला. शिक्षा म्हणाल तर दोन वर्षं पुन्हा गुन्हा न करण्याची अट, पण खटल्याचा खर्च ९,००० पौंड. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी म्युनिकच्या सुरक्षा परिषदेत याच माणसाचं उदाहरण देऊन युरोपला सुनावलं. हे दोन्ही प्रसंग नगरपालिकेच्या जुन्या आदेशांखालचे, कलम ९ लागू होण्याआधीचे, हे त्या गदारोळात मागे पडलं.

मूक प्रार्थनेला कायद्यात स्पष्ट सूट द्यावी असा प्रस्ताव मार्च २०२३ मध्ये आला होता. खासदारांनी तो २९९ विरुद्ध ११६ मतांनी फेटाळला. त्यांचं म्हणणं, सूट दिली की दारात रोज दहा जण ‘मूक प्रार्थना’ करत बाईकडे बघत उभे राहतील, म्हणजे पुन्हा मॅटक लेन. हे मला पटतं. पण झाडाआड पाठ करून उभ्या असलेल्या माणसाला ‘मनात काय चाललंय?’ असं विचारणारा पोलीस, हे मात्र काही केल्या पटत नाही. हद्द हवी, पण ती जागेची आणि दिसणाऱ्या वागण्याची असावी. सरकारी वकिलांच्या मार्गदर्शनातही आता मूक प्रार्थना आपोआप गुन्हा ठरत नाही, प्रत्येक प्रसंग वेगळा पाहायचा असं आहे. म्हणजे निर्णय शेवटी रस्त्यावरच्या शिपायावर येऊन पडला.

अमेरिकेत याच प्रश्नाचं उत्तर नेमकं उलटं निघालं, आणि तिथे तर आधी रक्त सांडलं होतं. ३० डिसेंबर १९९४ रोजी बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनमध्ये एका बंदूकधाऱ्यानं दोन केंद्रांत शिरून स्वागतकक्षातल्या दोन बायकांना मारलं. त्यानंतर मॅसॅच्युसेट्स राज्यानं कायदे केले. २००७ च्या कायद्यानं केंद्राच्या दारापासून ३५ फुटांत उभं राहायला मनाई केली. ३५ फूट म्हणजे आपली एक एसटी उभी राहील एवढं. त्याविरुद्ध सत्तरी ओलांडलेल्या एक आजी कोर्टात गेल्या. त्यांना फक्त शांतपणे जवळ जाऊन बोलायचं होतं, आणि ३५ फुटांवरून शांतपणे बोलता येत नाही, ओरडावं लागतं. जून २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी तो कायदा रद्द केला. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं की गर्दीची अडचण मुख्यतः बॉस्टनच्या एका केंद्रावर, शनिवारी सकाळी होते. त्यासाठी राज्यभरचे पदपथ बंद करायच्या आधी अडवणाऱ्यांवर खटले भरून बघायचे होते. तिथे बोलण्याचं स्वातंत्र्य हा बाकी हक्कांसोबत तराजूत घालायचा माल नाही, तो जवळजवळ तराजूच आहे. आणि पदपथ ही त्या स्वातंत्र्याची हक्काची जागा. गंमत अशी की सर्वोच्च न्यायालयाच्या स्वतःच्या इमारतीपुढच्या संगमरवरी चौकात निदर्शनांना बंदी आहे. आंदोलकांनी खाली पदपथावर जायचं.

अमेरिकेत अडवणुकीविरुद्ध एक केंद्रीय कायदा १९९४ पासून आहे, पण जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याखाली शिक्षा झालेल्या २३ जणांना माफी दिली.

ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयानं (तिथलं सर्वांत वरचं कोर्ट तेच) २०१९ मध्ये एक वेगळाच धागा काढला. मेलबर्नमध्ये केंद्राच्या एका सुरक्षारक्षकाचा २००१ मध्ये खून झाला होता. पुढे व्हिक्टोरिया राज्यानं १५० मीटरची हद्द घातली. न्यायालयाचा तर्क असा: राजकीय मत मांडायचं तर ते सरकारला, संसदेला, मतदारांना सांगा. दवाखान्याच्या पायरीवरच्या एका बाईला तिच्या खासगी निर्णयाबद्दल गाठणं हे राजकारण नव्हे. मला हा तर्क सगळ्यांत स्वच्छ वाटतो.

आणि आयर्लंड. तिथल्या या गोष्टीला आपल्याकडचा एक चेहरा आहे. बेळगावची सविता हलप्पनवार, व्यवसायानं दंतवैद्य, वय ३१. सतरा आठवड्यांची गरोदर असताना गॉलवेच्या रुग्णालयात तिचा गर्भपात आपोआप सुरू झाला. गर्भ वाचणार नाही हे दिसत होतं, पण त्याचे ठोके चालू असेपर्यंत गर्भ काढायला नकार मिळाला. संसर्ग पसरून २८ ऑक्टोबर २०१२ रोजी ती गेली. मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी गर्भपातबंदीची घटनादुरुस्ती रद्द केली, तेव्हा डब्लिनमध्ये तिच्या भित्तिचित्रापुढे लोक चिठ्ठ्या चिकटवून जात होते. १ जानेवारी २०१९ पासून सेवा सुरू झाली आणि लगोलग काही रुग्णालयांबाहेर फलकही आले. १०० मीटरच्या हद्दीचा कायदा ऑक्टोबर २०२४ मध्ये लागू झाला. तिथे सुरुवातीच्या आठवड्यांतल्या गर्भपाताच्या गोळ्या फॅमिली डॉक्टर देतात, म्हणून हद्द त्यांच्या दवाखान्यांभोवतीही आहे. छोट्या गावात तर हे फारच लागतं, कारण बाहेर उभा असलेला माणूस बहुतेक ओळखीचाच असतो. पोलिसांनी आधी समज द्यायची, ऐकलं नाही तर पुढची कारवाई, ही आयरिश पद्धत मला ब्रिटनपेक्षा शहाणी वाटते.

आपल्याकडे असा कायदा नाही आणि त्याची मागणीही नाही, कारण दवाखान्याबाहेर जपमाळ घेऊन कोणी उभं राहत नाही. १९७१ पासून कायद्यानं गर्भपाताला वाट आहे, २०२१ मध्ये ती आणखी रुंद झाली. सज्ञान बाईला फक्त स्वतःची संमती लागते. तरी ‘नवरा कुठंय? त्यांची सही लागेल’ हे ऐकून परत आलेल्या बायका तुमच्या-माझ्या ओळखीत निघतील. तिकडचे फाटकाबाहेर असतात, आपले काउंटरच्या आत. आतल्या माणसाला किती मीटर लांब उभं करणार?

स्कॉटलंडनं जून २०२४ मध्ये ११८ विरुद्ध १ अशा मतांनी कायदा केला तेव्हा अंतर ठेवलं २०० मीटर. लंडनमध्ये गर्भपातविरोधकांचा मोर्चा आजही निघतो. झेंडे, ढोल, लेकुरवाळी कुटुंबं, नन, सगळं असतं, आणि तो पार्लमेंटपुढच्या चौकात जाऊन थांबतो. तिथे फलक ए-थ्रीपेक्षा कितीही मोठा चालतो.